जुन्या स्पोर्ट्स कारच्या कूलिंगमधला कुठला सेन्सर गायब आहे ते गाडीवरच कसं ओळखायचं

बॉनेट उघडलं आणि वायरचा एक प्लग नुसताच लोंबकळतोय, किंवा इंजिनाच्या हेडच्या मागच्या बाजूला एक भोक आहे आणि त्यात कुणीतरी साधा बोल्ट आवळून बसवलाय, गाडी तशी चालतीय पण टेंपरेचरचा काटा हलत नाही, नाहीतर फॅन लागत नाही, नाहीतर पेट्रोल लई खातीय आणि सायलेन्सरमधनं काळा धूर येतोय. जुनी इंपोर्टेड स्पोर्ट्स कार घेतली की हे बघायला मिळतंच. पोर्शे ९४४ असू दे, पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ असू दे, या गाड्यांनी तीस-चाळीस वर्षांत कितीतरी मालक आणि मेस्त्री बघितलेले असतात, आणि ज्या दिवशी पार्ट मिळाला नाही त्या दिवशी कुणीतरी गाडी बंद पडू नये म्हणून सेन्सर काढून डमी लावली आणि पुढं ते तसंच राहिलं. त्या माणसाला दोष द्यायचा नाही, त्यानं गाडी चालू ठेवली. पण आता ती नीट करायची तर तिथं नक्की काय होतं हे शोधायला लागतं.

आणि इथंच बहुतेक जण घाई करतात. फोटो काढतात, दुकानदाराला पाठवतात, "कूलंट सेन्सर पाहिजे" म्हणतात, आणि आठ-दहा दिवसांनी बाहेरनं एक पितळी तुकडा येतो जो भोकात बसतो पण काम करत नाही. कारण एकाच गाडीत पाण्याचं तापमान बघणारे तीन-तीन चार-चार वेगळे पार्ट असतात, दिसायला जवळपास सारखे, आणि आतून पूर्ण वेगळे. त्यामुळं माझं म्हणणं एवढंच आहे की ऑर्डर द्यायच्या आधी गाडीलाच विचारा. भोक काय सांगतंय, प्लग आणि वायर काय सांगतायत आणि गाडी वागतीय कशी, या तिन्हीचं उत्तर एकच आलं तरच पार्ट मागवा. दोनच जुळली आणि तिसरं जुळत नसलं तर थांबा, काहीतरी बघायचं राहिलंय.

आधी काय काय असू शकतं ते बघू.

पहिला म्हणजे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, तापमान सांगणारा सेन्सर. याला दोन पिना असतात, आत एक रेझिस्टन्स असतो जो गरम झाला की कमी होतो. इंजिन थंड आहे का गरम यावरनं ईसीयू पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. दुसरा, डॅशबोर्डवरच्या काट्याचा सेंडर, आपल्याकडं मेस्त्री लोक ज्याला टेंपरेचरचा बल्ब म्हणतात तो. जुन्या गाड्यांत याला बहुतेक वेळा एकच वायर असते आणि अर्थ, म्हणजे निगेटिव्ह जोडणी, त्याच्या बॉडीतनं इंजिनालाच मिळते. तिसरा फॅनचा स्विच. हा मोजत काही नाही, ठरलेल्या तापमानाला आत जोडतो आणि खाली आलं की तोडतो, बस्स. दोन पिनांचा असला तर एकाच स्पीडचा, तीन पिनांचा असला तर स्लो आणि फास्ट दोन स्पीडचा. चौथा, कूलंटच्या टाकीतला लेव्हल सेन्सर, सगळ्या गाड्यांत नसतो, असला तर टाकीच्या बुडाला किंवा बाजूला असतो आणि फक्त दिवा लावतो.

पाचवा मात्र लोकांना माहीतच नसतो आणि घोळ इथंच होतो. बॉशचं के-जेट्रॉनिक किंवा एल-जेट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाड्यांत, म्हणजे उदाहरणार्थ पोर्शे ९२४ मध्ये, थर्मो-टाइम स्विच नावाचा एक पार्ट असतो. थंड इंजिनाला स्टार्टर मारताना जास्तीचं पेट्रोल सोडणारा एक वेगळा इंजेक्टर असतो, तो किती सेकंद चालू ठेवायचा हे हा स्विच ठरवतो. आत बायमेटलची पट्टी आणि ती तापवणारी छोटी कॉइल असते. त्याच्या षटकोनी डोक्यावर ३५ डिग्री आणि ८ सेकंद अशा पद्धतीचा शिक्का असतो, त्यामुळं पार्ट हातात असला तर ओळखायला सोपा, पण नसला तर लक्षातही येत नाही कारण कोल्हापुरात एवढी थंडी पडतेच कुठं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सकाळी स्टार्टर जरा जास्त वेळ मारायला लागतो आणि आपण म्हणतो बॅटरी डाऊन असेल. ९४४ ला हा नसतो, तिथं मोट्रॉनिक ही बॉशचीच दुसरी इंजेक्शन सिस्टीम आहे आणि वेगळा कोल्ड स्टार्ट इंजेक्टर नाहीच.

आणि काही गाड्यांत वायर अजिबात नसलेला, फक्त व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या लागणारा एक थर्मल व्हॉल्व्ह पण कूलंटमध्ये बसवलेला असतो. म्हणजे भोक आहे, आसपास रिकामा प्लग एकही नाही, पण तोंडात स्क्रू घालून बंद केलेली रबरी नळी दिसतीय, तर तो हा.

आता कामाला लागायचं. इंजिन पूर्ण थंड असू दे, रात्रभर उभी असलेली गाडी सगळ्यात बरी. गरम इंजिनावर रेडिएटरचं नाहीतर टाकीचं झाकण उघडायचं नाही, डमी बोल्टला पाना लावायचा नाही, कारण आत प्रेशर असतं आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. दुसरं म्हणजे फॅनजवळ हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. ९४४ सारख्या गाडीत चावी काढलेली असली तरी फॅन सुरू होऊ शकतो, तो तसाच डिझाईन केलाय.

मग टॉर्च घ्या आणि नुसतं बघा. पाना नको, मीटर नको, नुसतं बघायचं. वरच्या होजपासून सुरुवात करा, थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह) हाऊसिंग, हेडची पुढची बाजू, मागची बाजू फायरवॉलकडची, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडची, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली ब्लॉकवर, हिटरचे पाइप, रेडिएटरच्या दोन्ही बाजूच्या टाक्या, शेवटी कूलंटची टाकी. मोबाईल खाली घालून व्हिडिओ काढा, एमएक्स-५ मध्ये ईसीयूचा सेन्सर हेडच्या मागं फायरवॉलला चिकटून आहे, तिथं डोकं जातच नाही. जिथं जिथं पितळ, षटकोन, बोल्ट किंवा बूच दिसेल त्याची नोंद करा, जिथं वायर लोंबकळतीय त्याची वेगळी नोंद करा.

आता एक गोष्ट आपल्या कोल्हापुरात सांगायला सोपी आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ज्यांनी काम केलंय त्यांना माहीत आहे, एकाच पॅटर्नवरनं दोन-तीन मॉडेलची कास्टिंग निघतात आणि ज्या मॉडेलला जे भोक लागत नाही ते एकतर पाडतच नाहीत नाहीतर कंपनीतच बूच मारून पाठवतात. त्यामुळं बूच दिसलं म्हणजे सेन्सर गायब आहे असं नाही. एमएक्स-५ चंच बघा, १.६ लिटरच्या इंजिनाला फॅनचा स्विच रेडिएटरवर नसून थर्मोस्टॅट हाऊसिंगवर आहे, पण १.८ मध्ये फॅनचं काम ईसीयूच बघतो, तिथं तो स्विच लागतच नाही. म्हणजे १.८ च्या मालकानं १.६ चा फोटो बघून "माझा स्विच कुणी काढला" म्हणून शोधत बसायचं नाही. कंपनीचं बूच कसं ओळखायचं तर ते नेटकं असतं, ॲलन कीचं किंवा बसक्या डोक्याचं, खाली नीट वायसर, आसपास कुठली वायर अनाथ नसते. डमी मारलेली असली की बोल्टचं डोकं भलत्याच साइजचं, त्याच्यावर टेफ्लॉन टेपचे धागे नाहीतर एम-सील, आणि खाली कूलंट सुकून पांढरे-हिरवे ओघळ. आणि वीतभर अंतरावर कुठंतरी एक प्लग वायरिंगमध्ये टेप गुंडाळून लपवलेला असणारच. तो शोधा.

भोकाकडं येऊ. डमी काढायच्या आधी कूलंट त्या भोकाच्या खालच्या पातळीपर्यंत काढून घ्या, स्वच्छ भांड्यात धरा. कूलंट सांडलं तर लगेच पाणी मारून धुवा, त्यात इथिलिन ग्लायकॉल असतं, चवीला गोड लागतं आणि गल्लीतलं कुत्रं ते चाटून मरतं. हे खरंच होतं, हयगय करू नका.

डमी बाहेर आली की आटे मोजायचे. व्हर्नियर आणि पिच गेज पाहिजे, दोन्ही नसतील तर उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडं डमी घेऊन जा, तो अर्ध्या मिनिटात सांगेल. पण डमीवर आंधळा विश्वास नको, चुकीच्या पिचचा बोल्ट जोर लावून घुसवलेला असू शकतो, म्हणून भोकातले आटे पण टॉर्च मारून बघा, पहिले दोन-तीन आटे चुरगळलेले दिसले तर ते झालंय. युरोपियन गाड्यांत ईसीयूचा सेन्सर बऱ्याचदा एम १२ दीड पिचचा, म्हणजे १२ मिलिमीटर जाड आणि दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर असा असतो, आणि रेडिएटरमधला फॅन स्विच चांगला जाडजूड, एम २२ दीड पिचचा. म्हणजे रेडिएटरच्या टाकीवर अंगठा जाईल एवढं भोक दिसलं तर जास्त विचार करायची गरज नाही, तो फॅनचाच. जपानी गाड्यांत काट्याचा सेंडर पुष्कळदा पाइपच्या टेपर आट्यांचा असतो, म्हणजे टोकाकडं निमुळता होत जाणारा. टेपर आटे स्वतःच सील होतात, त्यांना वायसर नसतो. सरळ आट्यांना तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर लागतो, भोकाच्या तोंडावर त्याच्यासाठी घासून केलेली सपाट गोल जागा दिसते. ही सपाट जागा आहे का नाही हे आधी बघा, एवढ्यावरनंच निम्मी यादी कमी होते.

भोक कुठं आहे हे पण बोलतं. थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडच्या बाजूला, हेडवर किंवा ब्लॉकवर असलं तर तिथं पाणी लवकर गरम होतं, तिथं ईसीयूचा सेन्सर किंवा काट्याचा सेंडर असण्याची शक्यता जास्त. रेडिएटरच्या टाकीवर असलं तर फॅन. कूलंटच्या टाकीच्या बुडाला असलं तर लेव्हल.

आता प्लग. इथं एक मोठा सापळा आहे आणि तो मला नीट सांगायचाय. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या बॉश सिस्टीमच्या गाड्यांत इंजेक्टरचा प्लग आणि ईसीयूच्या टेंपरेचर सेन्सरचा प्लग अगदी एकसारखे असतात, तोच तो दोन पिनांचा, तारेच्या क्लिपचा. त्यामुळं एक दोन-पिनी प्लग रिकामा लोंबकळतोय म्हणजे तो टेंपरेचर सेन्सरचाच असं समजू नका. आधी सगळे इंजेक्टर मोजा, प्रत्येकाला प्लग आहे का बघा, मग बाकीचे त्याच प्रकारचे प्लग लागणारे पार्ट बघा, आणि मग उरलेल्याबद्दल बोला. उलटं पण होतं, इंजेक्टरचा प्लग सेन्सरवर आणि सेन्सरचा इंजेक्टरवर लावलेला असतो, गाडी तीन सिलेंडरवर फडफडत असते आणि सगळे कार्ब्युरेटर असल्यासारखं ट्यूनिंग करत बसतात.

मीटर लावा. बॅटरी परत जोडा, इग्निशन ऑन, इंजिन बंद, मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब रिकाम्या प्लगच्या एकेका पिनेत. एका पिनेवर साधारण ५ व्होल्ट आणि दुसरी अर्थ दाखवत असेल तर ती ईसीयूच्या सेन्सरची वायर समजा. एका पिनेवर पूर्ण १२ व्होल्ट आले तर इंजेक्टर, फॅन किंवा दुसरं काहीतरी. ईसीयूच्या वायरींवर टेस्ट लॅम्प अजिबात लावायचा नाही, फक्त मीटर, नाहीतर एवढासा सेन्सर शोधताना ईसीयू जायचा आणि तो मिळवायला काय लागतं ते विचारू नका.

वायरचे रंग पण कामाला येतात. जर्मन गाड्यांत तपकिरी म्हणजे अर्थ, लाल म्हणजे बॅटरीवरनं थेट, काळी म्हणजे बहुतेक इग्निशनवरची. वायरिंग डायग्राममध्ये ३० लिहिलं असेल तर थेट बॅटरी, १५ म्हणजे इग्निशन, ३१ म्हणजे अर्थ, हे जर्मन गाड्यांत सगळीकडं सारखंच आहे, पाठ करून ठेवा. जपानी गाडीत काळी बहुतेक वेळा अर्थ असते, त्यामुळं एका गाडीचा नियम दुसरीला लावू नका. आणि कुणीतरी मध्येच स्कूटरची वायर जोडलेली असली तर रंगाचा काहीच भरवसा नाही, तिथं मीटरची बीप लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वायर शोधायची.

एकच वायर लोंबकळत असेल तर काट्याची असण्याची शक्यता जास्त, पण खात्री करायची एक सुरक्षित पद्धत आहे. ती वायर थेट बॉडीला टेकवायची नाही. डॅशबोर्डमधला छोटा बल्ब, तीन-चार वॅटचा, त्याला दोन वायरी जोडा, एक टोक त्या वायरीला आणि दुसरं इंजिनाच्या अर्थला, इग्निशन ऑन, आणि दुसऱ्या कुणालातरी काट्याकडं बघायला बसवा. बल्ब लख्ख पेटला तर ती काट्याची वायर नाही, ती सप्लायची आहे, लगेच काढा आणि टेप मारा. बल्ब पेटला नाही किंवा अगदी मिणमिणला आणि काटा गरमकडं सरकायला लागला, तर सापडला, काट्याचा सेंडर गायब आहे. काटा वर जाताना दिसला की लगेच काढा, शेवटापर्यंत ताणू नका. बहुतेक जुन्या गाड्यांत अर्थ मिळाला की काटा वर जातो.

फॅनच्या प्लगचं सोपं आहे. रेडिएटरजवळच्या प्लगच्या दोन पिना जाड वायरच्या तुकड्यानं जोडा, फॅन फिरला तर प्लग फॅन स्विचचाच. तीन पिनांचा असेल तर ज्या पिनेवर सप्लाय येतोय ती बाकीच्या दोघींना आळीपाळीनं जोडायची, एकीला हळू आणि दुसरीला जोरात फिरला पाहिजे. फिरलाच नाही तर फ्यूज, रिले, मोटर बघा, स्विच मागवून उपयोग नाही. एमएक्स-५ वाल्यांना तर अजून सोपं, बॉनेटखाली डायग्नोसिसचा डबा आहे, त्यात टीएफए आणि जीएनडी लिहिलेल्या दोन जागा वायरच्या तुकड्यानं जोडून इग्निशन ऑन केलं की फॅन लागतो, म्हणजे रिले आणि मोटर चांगली आहे हे स्विचला हात न लावता कळतं.

ईसीयूच्या प्लगची अजून एक खात्री करता येते आणि मला ही सगळ्यात जास्त आवडते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातनं ३३० ओहमचा आणि २.२ किलोओहमचा असे दोन रेझिस्टर आणा, रुपया-दोन रुपयांचं काम. सेन्सर नसला की ईसीयूला वाटतं इंजिन बर्फासारखं थंड आहे, त्या काळातल्या बऱ्याच ईसीयू ४० डिग्री मायनस धरून पेट्रोल ओततात, म्हणून काळा धूर, भिजलेले स्पार्क प्लग, पेट्रोलचा वास. नंतरच्या ओबीडी, म्हणजे बिघाड स्वतः नोंदवणाऱ्या गाड्यांत ईसीयू स्वतःहून एक ठराविक आकडा धरतो, फॅन कायमचा लावून ठेवतो आणि पी०११८ कोड टाकतो, तिथं तर स्कॅनरच सांगतो. पण जुन्या गाडीत स्कॅनर नाही, तिथं रेझिस्टर. थंड असताना २.२ किलोओहमचा प्लगच्या दोन पिनांत घालून गाडी चालू करा, गरम झाली की बंद करून ३३० चा घाला. बॉशचा त्या काळातला नेहमीचा सेन्सर २० डिग्रीला साधारण अडीच हजार ओहम, ४० ला बाराशेच्या आसपास, ६० ला सहाशे, ८० ला सव्वातीनशे आणि १०० ला एकशेनव्वदच्या आसपास दाखवतो, म्हणजे आपण ईसीयूला खोटंच पण बरोबर तापमान सांगतोय. धूर गेला, आयडल स्थिर झालं तर दुसरा कुठलाही पुरावा नको. हे फक्त उभ्या गाडीवर तपासायला, रेझिस्टर लावून गाडी चालवत फिरायचं नाही.

आता गाडीच्या वागण्याकडं बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, इथं बरेच जण फसतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे, इथं उघड्या भांड्यात पाणी ९८ डिग्रीच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण चांगलं असलं की प्रेशरमुळं हाच आकडा १२० च्या जवळपास जातो. पण झाकणाचं रबर गेलेलं असलं आणि आत साधं पाणी असलं तर फॅन लागायच्या तापमानालाच पाणी उकळायला लागतं, टाकीतनं बाहेर येतं, आणि आपण म्हणतो फॅनचा सेन्सर गेला. तर सेन्सरच्या मागं लागायच्या आधी झाकण बदला, ते स्वस्तात मिळतं.

आणि फॅन डायरेक्ट करण्याबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. आपल्याकडं स्विच मिळाला नाही की फॅनला डॅशबोर्डखाली एक बटण देतात. गावातल्या गावात ठीक आहे, पण उद्या भाऊ किंवा मुलगा गाडी घेऊन गगनबावड्याला निघाला, त्याला बटणाचं माहीत नाही, करूळ घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी चढतीय, काट्याचा सेंडर पण डमीवरच, तर कळणार कसं? ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापून बेंड झालं की फेसिंग, गॅसकेट, आणि या गाड्यांना गॅसकेट सेट बाहेरनं मागवायचा. त्यामुळं दोन-तीन सेन्सर गायब असतील आणि सगळे एकदम परवडत नसतील तर क्रम असा ठेवा, आधी फॅन, मग काटा, मग ईसीयू, बाकीचे सावकाश. ईसीयूचा नसला तर गाडी पेट्रोल खाईल, पहिल्या दोघांमुळं इंजिन जाईल.

गाडी आधी ज्यांच्या हातात होती त्या मेस्त्रींना विचारायला लाजू नका. "मामा, हिचा फॅन तुम्ही डायरेक्ट केलेला काय, जुना स्विच काढलेला कुठं पडलाय काय?" असं सरळ विचारलं तर निम्म्या वेळा ते सांगतात, आणि कधी कधी डब्यातनं जुना तुकडा पण काढून देतात. जुना तुकडा म्हणजे सोनं, कारण त्याच्यावर नंबर असतो. फॅन स्विचवर तर बऱ्याचदा तापमानच कोरलेलं असतं, ९२-८७ असं, म्हणजे ९२ ला जोडणार, ८७ ला तोडणार.

तुकडा मिळाला नाही तर पार्ट्स कॅटलॉगच्या आकृत्या बघा. पोर्शेचा जुन्या मॉडेलचा कॅटलॉग कंपनीनंच खुला केलेला आहे, त्यात आकृतीवर प्रत्येक सेन्सरला नंबर आहे. बघताना आपली गाडी कुठल्या सालची, इंजिन नंबर काय, एसी आहे का नाही हे जुळवा, ९४४ ही १९८२ ते १९९१ पर्यंत बनली आणि मधल्या काळात बरंच काही बदललं. नंबर मिळाला की त्याच नंबरचा मागवा. "आटे बसतात ना मग मारुतीचा चालतोय की" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आटे बसतील, पण ८० डिग्रीला तो किती ओहम दाखवतो हे त्या गाडीच्या ईसीयूला किंवा काट्याला जुळलं पाहिजे. काट्याचा सेंडर चुकीचा असला तर काटा मधोमध उभा राहून खोटं सांगतो, आणि काटा मेलेला असण्यापेक्षा हे जास्त धोक्याचं.

पार्ट आला की बसवायच्या आधी पातेल्यात तपासा. पाणी, थर्मामीटर, गॅस, सेन्सरचं पितळी टोक पाण्यात आणि पिना बाहेर, मीटर ओहमवर. पाणी गरम होत जाईल तसा आकडा सरळ उतरत गेला पाहिजे, मध्येच उडी मारायला नको. फॅन स्विच असेल तर बीपवर लावा. ९२ चा स्विच पातेल्यात बीप देईल, पण ९८ च्या वरचा असेल तर आपल्या गावच्या पाण्यात तो जोडणारच नाही, तो खराब नाही.

बसवताना सरळ आट्यांना नवीन वायसर, हातानंच पहिले चार-पाच आटे फिरवा, मग पाना, आणि ॲल्युमिनियममध्ये जोर आवरता घ्या. एका वायरच्या सेंडरला टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळू नका, त्याचं अर्थिंग आट्यांतनंच जातं, टेप मध्ये आली की काटा कमी दाखवतो. आटे चुरगळलेले असतील तर बरोबर पिचचा आटे पाडायचा टॅप ग्रीस लावून हळू फिरवा, ग्रीसला धातूचा कीस चिकटून बाहेर येतो.

कूलंट भरताना बोअरचं पाणी नको, बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. हिटर गरमवर ठेवा, गाडीचं नाक चढाकडं करून उभी करा, आणि हवा काढा. ९४४ ला वरच्या होजच्या तोंडाशी हवा काढायचा स्क्रू आहे, बुडबुडे थांबून सलग कूलंट येईपर्यंत तो सैल ठेवायचा. ही पायरी टाळली तर नवीन सेन्सरचं टोक हवेच्या फुग्यात राहतं आणि तो चांगला असून चुकीचं दाखवतो, मग परत सगळं उघडत बसायचं.

मग उभ्या गाडीवर आयडलला ठेवा, काटा हळूहळू मधे यायला पाहिजे, वरचा होज गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला, फॅन लागला पाहिजे आणि थोड्या वेळात आपोआप बंद झाला पाहिजे. बंद होणं लागण्याइतकंच महत्त्वाचं, तेवढा वेळ थांबा. इथं सगळं बरोबर आलं तर पन्हाळ्याचा चढ एकदा चढवून आणा, वर पोचल्यावर लगेच बंद न करता फॅनचा आवाज ऐका आणि काटा बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर कूलंटची पातळी परत बघा, हवा निघाली असली की ती थोडी खाली गेलेली असते, तेवढी भरा. सेन्सरच्या बुडाला बोट फिरवा, ओल लागली तर वायसर बघा. आणि प्लगच्या वायरीला एक चिठ्ठी टेपनं चिकटवून टाका, सेन्सर कुठला, आटे काय, पार्ट नंबर काय, म्हणजे पुढं ज्याच्या हातात ही गाडी जाईल त्याला हे सगळं पहिल्यापासून शोधायला लागणार नाही.